यंत्राला सांगताना



आपल्या वतीने कामे करणाऱ्या संगणकीय 'एजंट'ला प्रत्येक साधनाची माहिती लिहून द्यावी लागते. २०२४ साली आलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही साधनाचे नाव, उपयोग व लागणारा तपशील असतो. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी 'जन्मतारीख' एवढेच लिहिले. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की अमेरिकन पद्धतीने ४ मार्च? दाखल्याशी जुळले नाही की अर्ज अडकला! घाटकोपरहून अंधेरीचे तिकीट मेट्रोचे, की दादरमार्गे लोकलचे? खिडकीवरचा माणूस विचारील; यंत्र पुष्कळदा अंदाजाने मोकळे होते. मुलांनो, निबंधाच्या वहीत मी लाल शाईने 'म्हणजे काय?' लिहितो, त्याचा राग मानू नका. लिहिलेले घरी धाकट्या भावंडाला वाचून दाखवा. ते जिथे अडेल, तिथे आणखी एक वाक्य घाला.