“भरपूर पाणी पी”

(मदतगारांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या दवाखान्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी येतात, त्यांना एवढ्या आडबाजूला तुम्ही शिकवता तरी काय, असं तुमच्यापैकी काहींनी पत्रातून विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. एक एक्स-रे, एक छोटी प्रयोगशाळा आणि वीस खाटा, एवढीच आमची दौलत. उत्तर म्हणून एका मुलीची हकीकत सांगतो.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं अशी दुखतात की मोठी माणसंही ओरडतात. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी बाधली की हे दुखणं उसळतं. गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांची एक मुलगी तिसऱ्यांदा भरती झाली. सलाईन आणि वेदनाशामक दिल्यावर तिसऱ्या दिवशी ती हसायला लागली. घरी सोडताना आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आलेल्या इंटर्न मुलीने कार्डावर लिहिलं: हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी पिणे. आधीच्या दोन्ही वेळी मीही हेच लिहिलं होतं. तिने माझंच बघून उतरवलं होतं.

मी तिला म्हटलं, “आता हिच्याबरोबर घरी जा.”

रस्ता संपेपर्यंत जीप, पुढे तासभर चढण. मुलीला पावरी येते, विद्यार्थिनीला मराठी, म्हणून आमच्या आरोग्यसेविका बाई बरोबर होत्या. घरात वेगळंच भांडण चालू होतं. हे दुखणं सुनेच्या माहेरचं, असं आजीचं म्हणणं. विद्यार्थिनीने मक्याचे पांढरे-पिवळे दाणे जमिनीवर मांडून दाखवलं, की दोष आई आणि बाप दोघांकडून येतो, तेव्हाच मूल आजारी होतं. आजी गप्प बसली. पटलं की नाही, देव जाणे! पण सुनेने त्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाली, “सुट्टीत घरी असली की हिला काही होत नाही. शाळेत गेली की होतं.”

विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेत गेली आणि मुलींबरोबर पायरीवर बसून राहिली. संडास मागच्या बाजूला, दिवा बंद, रात्री जायची भीती. म्हणून दुपारनंतर पाणी प्यायचं नाही, हे मोठ्या मुलींनी लहानींना शिकवून ठेवलेलं.

मी तीनदा तपासलं, पण हे एकदाही विचारलं नव्हतं.

पोरगी रागाने लाल होऊन आली, तक्रार करते म्हणाली. मी म्हटलं, आधी अधीक्षिकाबाईंशी बोल. त्या स्वतःच रात्री मागे जायला घाबरत होत्या. मग सौर दिवा लागला, तो तुमच्याच दानातून. रात्री मुलींसोबत एक मावशी झोपू लागली. आमची मुलगी बरी झाली, असं मी म्हणणार नाही. जानेवारीच्या थंडीत ती पुन्हा एकदा भरती झाली होती. पण आता उशाशी बाटली असते.

कुटुंबवैद्यक म्हणजे हेच काम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. विंचवाने चावलेली माणसं त्यांनी खेड्यातच रात्र रात्र उशाशी बसून पाहिली, आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचं लिखाण छापलं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत, असा नियम २०२२ मध्ये आला. नियम चांगला आहे. मात्र रक्तदाब मोजून वही भरली की झालं, असं समजणारेही मी पाहिलेत. माझी एकच अट असते: ज्याला औषध लिहून दिलं, त्याच्या घरी एकदा जेवून यायचं. भाकरीबरोबर काय आहे, पाणी कोण आणतं, गोळ्या कुठे ठेवतात, हे जेवताना आपोआप दिसतं.

ती विद्यार्थिनी आता कुटुंबवैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी अभ्यास करते आहे. ती आमच्याकडेच परत येईल, असं वचन तिने दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

जूनमध्ये पुढची चार मुलं येतील. मुलांच्या खोलीचं छप्पर गेल्या वर्षी गळत होतं, दोघं जण एक्स-रेच्या खोलीत झोपले. पत्रे आले आहेत. लाकूड आणि सुताराची मजुरी बाकी आहे, आणि हे काम पहिल्या पावसाच्या आत व्हायला हवं.