हलके लॅपटॉप आणि वापरकर्त्यांची निष्ठा

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



लॅपटॉप विकत घेताना दुकानात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. वजन किती, पडदा किती इंचांचा, बॅटरी किती तास चालते आणि किंमत काय? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात मिळतात. घेतलेले यंत्र प्रत्यक्षात वापरले जाईल की कपाटात पडून राहील, हे मात्र बहुधा माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टींवर अवलंबून असते. वापरकर्त्याच्या हाताला जडलेली सवय, त्याने साठवलेले दस्तऐवज, त्याला मिळालेले प्रशिक्षण आणि त्याच्या भोवतालचे लोक वापरत असलेली कार्यप्रणाली या त्या गोष्टी होत. त्यांच्या बेरजेला व्यवहारात 'निष्ठा' असे नाव दिले जाते. शासन जेव्हा लाखो विद्यार्थ्यांसाठी यंत्रांची खरेदी करते, तेव्हा ही निष्ठा कशी घडते आणि तिची किंमत कोण मोजते, हा सार्वजनिक धोरणाचा विषय बनतो. लहान लॅपटॉपच्या इतिहासातून या प्रश्नाचा उलगडा चांगला होतो.

वजनाचा पहिला धडा

व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला सुवाह्य संगणक म्हणजे १९८१ मधील 'ऑस्बॉर्न १'. त्याचे निर्माते अॅडम ऑस्बॉर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ मध्ये कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले. पाच इंची पडदा, सुमारे ११ किलो वजन आणि १,७९५ डॉलर किंमत असलेल्या या यंत्रासोबत लेखन व हिशेबाच्या आज्ञावलीही दिल्या जात. तथापि त्याची कार्यप्रणाली 'सीपी/एम' ही होती. दरम्यान आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. १९८३ मध्ये विक्रीस आलेला 'कॉम्पॅक पोर्टेबल' हा ऑस्बॉर्नपेक्षा जड होता आणि महागही होता. परंतु आयबीएमच्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावली त्यावर चालत असत. पहिल्याच वर्षी त्याची ५३,००० यंत्रे विकली गेली. ऑस्बॉर्नच्या कंपनीने मात्र त्याच वर्षी दिवाळे काढले. तिच्या पतनाला व्यवस्थापनाच्या चुकाही कारणीभूत होत्या. परंतु ग्राहकाने हलकेपणापेक्षा सुसंगततेला अधिक मोल दिले, हे कॉम्पॅकच्या यशाने स्पष्ट केले.

तीन यंत्रे, तीन उत्तरे

२००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या प्रारंभी, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, तीन लहान लॅपटॉप जगासमोर आले. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला होता 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या उपक्रमाचा 'एक्सओ'. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, तेव्हा प्रत्यक्ष किंमत दोनशे डॉलरच्या आसपास पोहोचली होती. सुमारे दीड किलो वजन, भर उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा आणि लिनक्सवर आधारित, मुलांसाठी घडवलेला 'शुगर' हा दर्शनी भाग ही त्याची वैशिष्ट्ये होती.

दुसरा होता तैवानच्या आसुस कंपनीचा 'ई पीसी ७०१'. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या या यंत्राचे वजन ९२० ग्रॅम, पडदा सात इंची आणि साठवण केवळ ४ जीबी होती. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ४०० डॉलर होती. त्यातही लिनक्सच होते. फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश स्मृती वापरल्याने ते हलके झाले होते.

तिसरा होता अॅपलचा 'मॅकबुक एअर'. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी तो कागदी लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवला. वजन १.३६ किलो, पडदा १३.३ इंची, किंमत १,७९९ डॉलर.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एक्सओ आणि मॅकबुक एअर यांच्या वजनात फारसा फरक नव्हता. किमतीत मात्र जवळजवळ नऊ पट अंतर होते. आसुसने पडदा, साठवण आणि वेग कमी करून वजन उतरवले. अॅपलने पडदा आणि कळफलक पूर्ण आकाराचे ठेवून जाडी कमी केली व त्याचा खर्च ग्राहकाकडून घेतला. एक्सओने धूळ, ऊन आणि मुलांची हाताळणी सोसण्याच्या क्षमतेला अग्रक्रम दिला. म्हणजेच 'लहान लॅपटॉप' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वापरकर्त्यांचा विचार झाला होता. यंत्र कोणासाठी आहे हे ठरवल्याखेरीज केलेली वजनाची तुलना दिशाभूल करणारी ठरते.

परत आलेली यंत्रे

२००८ मध्ये इंटेलने 'अॅटम' हा कमी वीज वापरणारा प्रोसेसर आणला आणि 'नेटबुक' हा शब्द रूढ झाला. एसर, एमएसआय, एचपी, डेल यांची यंत्रे पाठोपाठ आली. त्यांपैकी अनेकांत लिनक्सचा पर्याय होता. व्हिस्टा ही विंडोजची तेव्हाची आवृत्ती एवढ्या लहान यंत्राला पेलणारी नव्हती. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये या स्वस्त यंत्रांपुरती जुन्या 'एक्सपी' आवृत्तीची मुदत वाढवली.

परिणाम वेगाने दिसला. अमेरिकेतील नेटबुक विक्रीत विंडोजचा वाटा २००८ च्या पूर्वार्धातील दहा टक्क्यांहून कमी प्रमाणावरून फेब्रुवारी २००९ पर्यंत ९६ टक्क्यांवर गेला, असे मायक्रोसॉफ्टने बाजार-पाहणीचा हवाला देऊन जाहीर केले. लिनक्स असलेली यंत्रे परत येण्याचे प्रमाण विंडोजच्या किमान चौपट असल्याचे एमएसआयच्या अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितले. डेलने मात्र २००९ मध्ये आपल्याकडे दोहोंतील परतीचे प्रमाण सारखेच असल्याचे म्हटले.

या दोन विधानांतील विसंगती महत्त्वाची आहे. तंत्रज्ञान तेच, यंत्रेही जवळजवळ तशीच. तरी अनुभव भिन्न. यावरून असे अनुमान काढता येते की, ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत याची पूर्वकल्पना होती की नाही, आणि दिलेली कार्यप्रणाली त्या यंत्राशी नीट जुळवलेली होती की नाही, यावर समाधान अवलंबून असावे. परत आलेल्या यंत्रांचा दोष केवळ लिनक्सच्या गुणवत्तेवर टाकणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

निष्ठा कशी घडते?

अर्थशास्त्रात या वर्तनाचे स्पष्टीकरण मुख्यतः दोन संकल्पनांनी दिले जाते. पहिली 'नेटवर्क परिणाम': एखादी प्रणाली जितके अधिक लोक वापरतात, तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयुक्त होते, कारण दस्तऐवजांची देवाणघेवाण आणि अडचणीत मदत सुलभ होते. दुसरी 'बदलाचा खर्च': नवी प्रणाली फुकट मिळाली, तरी ती शिकण्याचा वेळ, जुन्या फायली रूपांतरित करण्याचा त्रास आणि चुकांची भीती ही किंमत मोजावीच लागते.

कळफलकाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८७० च्या दशकातील टंकलेखन यंत्रावरची 'क्वर्टी' मांडणी आजही टिकून आहे; १९३६ मधील 'ड्वोरॅक' मांडणी तिची जागा घेऊ शकली नाही. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये या घटनेच्या आधारे, पूर्वी पडलेली वाट पुढील निवडीला कशी बांधून ठेवते, हे मांडले. ड्वोरॅक खरोखर श्रेष्ठ होती का, असा आक्षेप लायबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० मध्ये घेतला. परीक्षेत उत्तर लिहिताना या वादाच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवणे हितावह आहे.

मराठी वाचकाला याचा अनुभव अधिक जवळचा आहे. टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर हात बसलेला कारकून, ध्वन्यनुसारी पद्धतीने टंकणारा तरुण आणि 'इनस्क्रिप्ट' शिकलेला विद्यार्थी, हे तिघे एकाच कार्यालयात आढळतात. इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांतील समान ध्वनींना समान कळा दिलेल्या असल्याने एका लिपीचे शिक्षण दुसऱ्या लिपीत उपयोगी पडते. तरीही सवय मोडणे सोपे नसते. युनिकोडपूर्व काळात एका संगणकावर विशिष्ट फाँटमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटत असे. त्यामुळे अनेक कार्यालये एकाच विक्रेत्याच्या फाँटला बांधली गेली. वरवर पाहता ही निष्ठा वाटे; वास्तविक ती अडवणूक होती.

नेटबुकचा अस्त

२०१० मध्ये आयपॅड आला. त्याच वर्षी ११.६ इंची मॅकबुक एअर ९९९ डॉलरपासून उपलब्ध झाला, आणि २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' व गूगलने 'क्रोमबुक' पुढे आणले. २०१२ च्या अखेरीस आसुस व एसर यांनी नेटबुकचे उत्पादन आवरते घेतले. नेटबुक लोपले, परंतु हलकेपणाची अपेक्षा सर्वच लॅपटॉपवर कायमची लादून गेले.

भारतीय अनुभव

२००६ मध्ये तत्कालीन मानव संसाधन विकास मंत्रालयाने निग्रोपाँटे यांचा प्रस्ताव नाकारला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, अशी भूमिका घेतली गेली. तथापि २००७ मध्ये महाराष्ट्रातील खैरात या लहानशा खेड्यातील शाळेत एक्सओचा प्रायोगिक वापर सुरू झाला. पेरू देशात हीच यंत्रे फार मोठ्या प्रमाणावर वाटली गेली. तेथील ३१९ शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही. सामान्य बौद्धिक कौशल्यांत मात्र काही लाभ दिसला.

५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' हा सात इंची टॅबलेट सादर झाला. शासनाची खरेदी किंमत २,२७६ रुपये होती. बॅटरी, स्पर्शपडदा व वेग यांवर टीका झाल्यानंतर २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तमिळनाडूने सप्टेंबर २०११ पासून विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास आरंभ केला.

केरळचा मार्ग वेगळा होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्पाने पुढे शाळांत मुक्त कार्यप्रणाली स्वीकारली. यंत्रे देऊन काम संपले असे न मानता शिक्षकांचे प्रशिक्षण, मल्याळम भाषेतील साधने आणि शालान्त परीक्षेतील प्रात्यक्षिक यांची सांगड घातली गेली. ज्या लिनक्समुळे अन्यत्र यंत्रे परत केली जात होती, तेच लिनक्स येथे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले. निष्ठा ही जन्मजात नसून शिक्षणाने घडते, याचे हे ठळक उदाहरण होय. शाळेत जी प्रणाली शिकवली जाते, तिचा उद्याचा ग्राहक त्याच वर्गात तयार होत असतो. म्हणून हा निर्णय कोणाच्या हिताचा आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

धोरणाची दिशा

या प्रश्नाची दखल केंद्र शासनाने घेतली आहे. २००७ मध्ये सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स आवृत्ती प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण, तर २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर झाले. यंत्रनिर्मितीच्या बाजूने, मे २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान उपकरणांसाठी १७,००० कोटी रुपयांच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेस मंजुरी मिळाली.

यंत्रे देशात बनली, तरी निवडीचे स्वातंत्र्य आपोआप येत नाही. त्यासाठी सार्वजनिक खरेदीत काही कसोट्या आवश्यक ठरतात. यंत्र कोणत्या वयाच्या व परिस्थितीतील विद्यार्थ्यासाठी आहे? त्यावर लिहिलेला मजकूर पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडेल काय? विद्यार्थ्याच्या मातृभाषेतील टंकलेखन प्रमाणित पद्धतीने होते काय? शिक्षकाच्या प्रशिक्षणाची व दुरुस्तीची तरतूद मूळ अंदाजपत्रकात आहे काय?

एखाद्याने विंडोज, लिनक्स किंवा मॅक यांपैकी काय पसंत करावे, हा त्याचा प्रश्न आहे आणि त्या पसंतीत गैर काही नाही. मात्र उद्या मत बदलावेसे वाटले, तर स्वतःचे लेखन, टिपणे आणि काम बरोबर घेऊन त्याला बाहेर पडता आले पाहिजे. विद्यार्थ्याच्या हाती एक किलोचा लॅपटॉप देणाऱ्या योजनेने एवढी हमीही द्यावी, ही अपेक्षा रास्त ठरते.