डीव्हीडी, संशोधन आणि पुष्पिका

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. ‘विविध क्षेत्रांतील संशोधन आणि डीव्हीडी’ हा विषय ठरला तेव्हा आपल्या युवक मंडळातील एका मुलाने मला हसून विचारले, “काका, आता डीव्हीडी वापरतो कोण?” प्रश्न रास्त आहे. नव्या लॅपटॉपला ती तबकडी घालण्याची सोयच उरलेली नाही. परंतु आपल्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आजही चाळीसेक तबकड्या आहेत. त्यांतील बहुतेक मी ग्रंथपालाची नोकरी सांभाळून २००३ ते २००९ या काळात हौसेने तयार केल्या. त्यांच्याविषयी मला आज एक कबुली द्यावयाची आहे. ती यथावकाश देतो.

डीव्हीडी प्रथम १९९६ च्या नोव्हेंबरात जपानच्या बाजारात आली. आरंभी तिला ‘डिजिटल व्हिडिओ डिस्क’ म्हणत; चित्रपटाखेरीज इतरही माहिती तीवर ठेवता येते हे ध्यानात आल्यावर ‘व्हर्सटाइल’, म्हणजे बहुगुणी, असा शब्द रूढ झाला. व्यास बारा सेंटिमीटर, जाडी अवघी १.२ मिलिमीटर, आणि तीही प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून साधलेली. सीडीवर सुमारे ७०० एमबी मजकूर मावे, तर साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी. पोथीच्या एका पृष्ठाची प्रतिमा पाच एमबीची धरली, तर नऊशेहून अधिक पृष्ठे एका तबकडीत बसतात. एक मध्यम आकाराचा बासना तळहातावर आला, असेच म्हणा ना!

या सोयीचे मोल हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी फार लवकर ओळखले, आणि त्यात आपल्या साधू-मुनींचा वाटा मोठा आहे. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी १९५० च्या सुमारास जेसलमेरच्या भांडारातील ताडपत्रे लावली, त्यांच्या सूची केल्या, त्या काळचे नवे साधन म्हणून मायक्रोफिल्मही करविल्या. पुढे मुनिश्री जंबूविजयजी महाराजांनी जेसलमेर व पाटण येथील प्राचीन प्रतींचे स्कॅनिंग करवून त्या तबकड्यांवर आणविल्या. मल्लवादींच्या ‘द्वादशार नयचक्र’ या ग्रंथाचे संपादन करणारे हे विद्वान मुनी २००९ साली अपघातात कालवश झाले. गांधीनगरजवळील कोबा येथील आचार्य श्री कैलाससागरसूरी ज्ञानमंदिरही अभ्यासकांना हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती पुरवीत आले आहे. पूर्वी एका ग्रंथाच्या पाच प्रती ताडून पाहावयाच्या तर पाच गावी जावे लागे, पाच विश्वस्त मंडळांची मनधरणी करावी लागे, आणि प्रत्येक हाताळणीत ताडपत्राचा कोपरा थोडा तुटे. प्रतिमा हाती आल्यावर मूळ पत्र बासनात विसावले. पडद्यावर अक्षर चौपट मोठे करता आल्यामुळे पुसट काना-मात्राही वाचता येऊ लागल्या, हा लाभ वेगळाच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जैन हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह आहे. प्रा. ह. दा. वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ हा जैन ग्रंथांचा सूचिग्रंथ याच संस्थेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वास्तूवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला. त्या काळी पोथ्यांच्या प्रती करून ठेवण्याबद्दल जी कळकळ सर्वत्र दिसू लागली, तिच्यामागे हा दिवसही होता, असे मला वाटते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय पांडुलिपी मिशन त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २००३ मध्ये, सुरू झाले होते.

इतर क्षेत्रांत मी फार खोल जाणार नाही. आपल्यापैकी अनेकांनी छत्रपती संभाजीनगरला जाऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करून घेतली असेल. फिल्मच्या जोडीला तबकडी हाती पडली असेल. फिल्मवर निवडक चित्रे असतात, तबकडीवर सगळी असतात, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरला नव्याने विचार करता येतो. शेतीचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. कडवंचीला १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने पाणलोटाचे काम झाले आणि त्या गावाच्या द्राक्षबागा नावारूपास आल्या. अशा गावाचे शिवार पूर्वी कसे होते हे पाहावयाचे, तर जुनी उपग्रह-चित्रे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडून ती एकेकाळी सीडी-डीव्हीडीवरच येत. लिस-३ या कॅमेऱ्याच्या चित्रात १४१ किलोमीटर रुंदीचा पट्टा मावतो आणि २३.५ मीटर चौरसाचा तुकडा म्हणजे त्यातला एक ठिपका. विहीर त्यात दिसत नाही. विहिरीमुळे हिरवे झालेले रान दिसते.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा आहे तिच्याकडे येतो. तिचा संबंध आपल्या जालन्याशी आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाशी आहे. राजकारणाचा विषय मी काढीत नाही. दोन्ही बाजूंचे स्नेही या सभागृहात बसलेले आहेत. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ टळल्यानंतर दाखल झाले, असा आक्षेप उच्च न्यायालयात घेण्यात आला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व बाहेर कॅमेरे लावलेले होते. त्यांचे चित्रण तबकड्यांवर न्यायालयासमोर आले. प्रश्न असा उभा राहिला, की तबकडी ही मूळ वस्तू नव्हे, ती नक्कल आहे. मग ही नक्कल कोणत्या यंत्रावरून, कोणी, कशी उतरविली, हे सांगणारे प्रमाणपत्र कोठे आहे? पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार ते लागते. अर्जदारांनी ते वारंवार मागितले होते, पण मिळाले नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. पुढे ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्र न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. नक्कल दाखवावयाची असेल, तर ते अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरीही ते त्याच्या हाती आले नाही, त्याला त्या अटीतून सूट आहे. अपिले फेटाळली गेली. आज देशात कोठेही मोबाइलचे चित्रण किंवा ध्वनिमुद्रण न्यायालयात दाखल होते, तेव्हा वकील मंडळी जालन्याच्या या खटल्याचे नाव घेतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचा नमुनाही जोडलेला आहे.

हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा मला आपल्या पोथ्यांची पुष्पिका आठवली. पोथीच्या अखेरीस लेखनिक लिहितो : अमुक संवतात, अमुक तिथीला, अमुक गावी, अमुक श्रावकाच्या वा साध्वीजींच्या पठनार्थ, अमुकाने हे लिहिले. कित्येकदा ग्रंथापेक्षा या चार ओळींवरच इतिहासकार अधिक वेळ घालवितो, कारण गाव, गच्छ, दाता, काळ, सारे त्यांत असते. आपल्या लेखनिकांनी शेकडो वर्षे जे शिस्तीने केले, तेच सर्वोच्च न्यायालय आज तबकडीसाठी मागत आहे. पुण्याच्या गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांतही गाणारणीचे नाव आणि तिचे गाव ओवीला जोडलेले आहे. त्यामुळे त्या संग्रहाकडे भाषेचा अभ्यासकही जातो आणि समाजशास्त्राचाही.

आता माझी कबुली. २००४ साली मी आपल्या समाजातील एका वयोवृद्ध व्यापारी गृहस्थांची मुलाखत व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतली. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. निजामी अमलातील जालन्याची आडत, पेढ्या, उर्दूत लिहावे लागणारे सरकारी अर्ज, रझाकारांच्या दिवसांत मालाच्या गाड्या कोणत्या वाटेने नेल्या, सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईच्या बातम्या गावात कशा पोचल्या, हे सारे ते जवळजवळ दोन तास सांगत होते. ‘जालना सोने का पालना’ असे आपण म्हणतो. तो पाळणा कोणी, कशाने हलता ठेवला, हे त्यांनी सांगितले. मी ती मुलाखत डीव्हीडीवर उतरविली. कॅमेऱ्याची कॅसेट महाग होती, म्हणून पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरली. तबकडीवर जाड पेनाने लिहिले, ‘मुलाखत – २’. ते गृहस्थ दोन वर्षांनी निवर्तले.

गेल्या वर्षी विद्यापीठातील एक संशोधक विद्यार्थिनी आपल्याकडे आली. मराठवाड्यातील व्यापारी समाजाचा इतिहास हा तिचा विषय. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधीचे आपले कागद काही औरंगाबादला, काही हैदराबादला. घराघरांतील वह्या वाळवीने खाल्लेल्या. म्हणून मी मोठ्या अभिमानाने कपाट उघडले. ‘मुलाखत’ असे लिहिलेल्या पाच तबकड्या निघाल्या. कोणती कोणाची, हे मलाच आठवेना. दोन लागल्या, पण त्यांत चातुर्मासातील स्वागत-समारंभ निघाला. एक वारंवार अडकली. तिच्यात कोणी तरी बोलत होते, परंतु वक्ता कोण, हे चेहरा दिसूनही आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. उरलेल्या दोन यंत्राने स्वीकारल्याच नाहीत. ज्या दोन तासांसाठी ती आली होती, ते बहुधा त्या दोहोंपैकी एकीत आहेत. मुलगी समंजस होती. “असू द्या काका,” म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोष तबकडीचा किती आणि माझा किती, हे मी नंतर तपासले. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीत माहितीचे खळगे प्लास्टिकमध्ये ठशासारखे उठविलेले असतात. आपण घरी ‘बर्न’ करतो तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर किरण त्यावर खुणा करतो. हा रंग ऊन, उष्मा व दमट हवा यांनी क्षीण होतो. आपले कपाट पत्र्याच्या छपराखालील खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला. मे महिन्यातले जालन्याचे ऊन मी आपणांस काय सांगावे! एवढ्यावर भागले नाही म्हणून मी हौसेने कागदी लेबले चिकटविली होती. त्यांनी तबकडीचा तोल बिघडतो आणि डिंक सुटतो. म्हणजे साहित्य नाजूक होते हे खरे, पण पुष्पिका न लिहिण्याचा अपराध संपूर्णपणे माझाच. जी अनोळखी मुलाखत अजून लागते, तिच्या बाबतीत तर रंगाच्या थराला दोष देण्याची सोयही मला नाही.

ज्ञानपंचमीला आपण भांडारातील पोथ्या बाहेर काढतो, पुसतो, वारा दाखवितो, बासने बदलतो. पूजेच्या जोडीने पोथीला कसर लागली का, हे त्या दिवशी आपोआप पाहिले जाते. तबकड्यांसाठी विश्वस्त मंडळाने तोच दिवस नेमावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक तबकडी एकदा लावून पाहावी. जी लागेल तिची प्रत दोन हार्डडिस्कवर घ्यावी आणि त्यांतील एक कार्यालयाच्या बाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत्येकीबरोबर एक कागद असावा : कोण बोलत आहे, कोणी चित्रण केले, कोणत्या दिवशी, कोणत्या घरी, मूळ कॅसेट कोठे आहे. आणि जे ओळखीचे वाटत नाहीत, त्यांचे चेहरे ज्येष्ठांना बोलावून दाखवावेत. हे शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. ओळखू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत; आज पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या पिढीसह.

माझ्याकडे अद्याप चालू स्थितीतील दोन डीव्हीडी ड्राइव्ह आहेत. ज्या दोन तबकड्या लागल्या नाहीत, त्या मी टाकलेल्या नाहीत. एका यंत्रावर न लागणारी तबकडी दुसऱ्यावर कधी कधी लागते. येत्या रविवारी सकाळी नवकारशीनंतर मी कार्यालयात येऊन बसतो. ज्यांच्या घरी २००० ते २०१० या काळातील लग्नाच्या, दीक्षा-समारंभाच्या, वडीलधाऱ्यांच्या बोलण्याच्या तबकड्या असतील, त्यांनी त्या घेऊन याव्यात, आणि शक्य असल्यास घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीलाही सोबत आणावे. चहाची व्यवस्था युवक मंडळाने स्वीकारली आहे.