वाळूमाशी आणि खोलीची भिंत



१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला नवा विषाणू सापडला. त्याचा संशय वाळूमाशीवर. दोन-तीन मिलिमीटरचा केसाळ, नाजूक जीव. उडतो थोडा, टुणटुणतोच फार. डासासारखे साठलेले पाणी तिला लागत नाही. भिंतीची ओलसर भेग पुरते. २००३ साली आंध्रात या तापाने १८३ मुले गेली, बरीचशी एक-दोन दिवसांतच. लस नाही, नेमके औषध नाही.

चाकणला हा ताप पसरला, असे आमचे म्हणणे नाही. पण ठेकेदारांच्या खोल्यांच्या भेगा आम्ही पाहिल्या आहेत. बोनसबरोबर गिलावाही मागितला, तर काही मंडळी हसली. हसोत बापडी! आम्ही गवंड्याकडून खर्चाचा अंदाज आणला आहे.