मनाचे दुखणे आणि समुपदेशकाचे कार्य



देवालयाच्या सभामंडपात मनाच्या दुखण्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. मन खचले की माणसाची पावले प्रथम देवाच्या पायरीकडेच वळतात. कोणी नवस बोलतो, कोणी प्रसाद लावून कौल घेतो. त्याने धीर येतो, आणि तो धीर थोडा नव्हे. परंतु काही दुखण्यांना धीराबरोबर जाणत्या माणसाचे साहाय्यही लागते. ते साहाय्य करणारा म्हणजे समुपदेशक. त्याच्याकडे जातानाही पुष्कळांची अपेक्षा कौलाचीच असते. संसार मोडावा की टिकवावा, नोकरी सोडावी की धरावी, हे त्याने सांगून टाकावे! तो तसा कौल देत नाही आणि कित्येकजण पहिल्या भेटीनंतरच निराश होऊन परततात. म्हणून त्याचे खरे कार्य कोणते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९२८ पासून रॉचेस्टर शहरात मुलांच्या समस्यांवर काम करीत असत. तेथे एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येऊ लागली. आईने मुलाला लहानपणी मनापासून स्वीकारले नाही, हेच मूळ कारण, असे रॉजर्स यांचे निदान होते. अनेक भेटींत त्यांनी ते तिला पटवून देण्याचा प्रयत्न केला, पण काही साधले नाही. अखेरीस थांबावे असे दोघांनी ठरविले. बाई दारापर्यंत गेली, मागे वळली आणि तिने विचारले, येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय? होकार मिळताच ती परत खुर्चीवर बसली आणि तिने आपल्या संसाराचे, पतीशी तुटत चाललेल्या नात्याचे सारे दुःख मोकळे केले. खरे काम तेव्हा सुरू झाले आणि पुढे त्यातून आई व मुलगा दोघांचेही भले झाले.

रॉजर्स यांनी यातून जन्मभराचा धडा घेतला. कोठे दुखते आणि कोणत्या वाटेने जावे, हे ज्याचे त्यालाच अधिक कळते. समुपदेशकाने ती वाट दिसण्यापुरता उजेड धरावा. तो धरणाऱ्याच्या अंगी तीन गुण हवेत, असे त्यांनी १९५७ च्या निबंधात मांडले: वागण्यातील खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याचे दुःख त्याच्या जागी राहून जाणण्याची शक्ती.

यावर कोणी म्हणेल, ऐकायला घरची माणसे आहेतच की! आहेत, परंतु घरच्यांचा जीव त्यात गुंतलेला असतो. सुनेचे दुःख ऐकताना सासूला स्वतःवरचा आरोप ऐकू येतो, मुलाचे अपयश ऐकताना पित्याला लोकांची भीती वाटते. समुपदेशकाचा असा कोणताही गुंता नसतो.

शिवाय तो केवळ ऐकत नाही. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने येथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करणारे समुपदेशक स्थानिक होते, खास प्रशिक्षण देऊन तयार केलेले. दुःखामुळे सुटलेली कामे, गाठीभेटी आणि आवडीनिवडी रुग्णाने एकेक करून पुन्हा धराव्यात, यासाठी ते ६ ते ८ भेटींत त्याला साहाय्य करीत. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातील शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. केंद्रातील डॉक्टरांच्या सेवेवरच राहिलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. कोंकणीत ‘संगाथ’ म्हणजे सोबत. समुपदेशकाच्या कार्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

या सोबतीला मर्यादा आहेत. औषध देणे हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. तसेच, ‘आमच्या मुलीची समजूत काढा आणि ती काय बोलली ते आम्हांला सांगा,’ अशी वडीलधाऱ्यांची विनंती समुपदेशकाला मान्य करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ अन्वये गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. जीवाला धोका असेल, तर त्याला अपवाद आहे. जेथे प्रत्येक कुटुंब दुसऱ्याला ओळखते आणि सोयरिकी जमण्यापूर्वी दहा घरी चौकशी होते, तेथे या गुप्ततेचे मोल विशेष आहे. तिचा भरवसा नसेल, तर माणूस बोलणार नाही. आणि न बोललेले दुःख कधीकधी जीवावर बेतते.

घरच्यांनी करण्याजोगे एवढेच, की ‘वेड लागले’ हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावा, जाणाऱ्याला दारापर्यंत पोहोचवावे आणि तो परतल्यावर काहीही न विचारता त्याचे ताट वाढावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. देवाच्या पायरीवर माथा टेकणाऱ्याने हे साहाय्य घेतले, तर त्याच्या श्रद्धेला कोणताही उणेपणा येत नाही.