कांदेनवमी आणि आपलं पोट



आपल्या वयात अनेकांना छळणारा, पण चारचौघांत कुणी काढत नाही असा विषय मी आज घेतला आहे : पोट.

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोटात कळा, गुबारा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि तपासण्या मात्र नॉर्मल. मला हा त्रास बारा वर्षं आहे. एस.टी.त बसण्याआधी स्वच्छतागृह शोधायचं, लग्नाला जायचं पण पंगतीला बसायचं नाही, असे दिवस काढलेत. हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदू आणि आतडी यांच्यातल्या संदेशांत गडबड होते, आणि साध्या वायूनेही आतडी दुखतात.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ ही कल्पना मांडली. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, काजू आणि, रत्नागिरीत सांगायला जड जातं, पण आंबासुद्धा त्यात येतो.

मग खायचं काय? कांदेनवमीला भजी खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं आपण पाहिली आहेत. त्या स्वयंपाकाला चव नव्हती असं कोण म्हणेल? भात, पेज, तांदळाची भाकरी, घावन, वांगं, काकडी, चिमूटभर हिंग. मासळीत तर या शर्करा नसतातच. लसणाचा स्वाद हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रासदायक भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही.

मात्र हा जन्माचा उपास नव्हे. २ ते ६ आठवडे हे पदार्थ बंद, मग एकेक परत आणून वहीत नोंद, आणि शेवटी जे बाधतं तेवढंच कमी. प्रोग्राममधला दोष शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसंच हे. माझ्या वहीतून निघालं ते असं : कांदा आणि वालाचं बिरडं बाधतं, दही चालतं. हापूसच्या दोन फोडी चालतात, वाटीभर रस नाही.

शौचावाटे रक्त, घटतं वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर पथ्याचे प्रयोग नकोत, आधी डॉक्टर. गहू सोडण्यापूर्वी सीलिॲक रोगाची रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती फसवी येऊ शकते. आणि पथ्य आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करा.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया. पण पानावरचं कुणी ‘नको’ म्हणालं, तर ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणू नका. एवढ्यानंच होतं. त्याला भात वाढा आणि शेजारी बसवून घ्या.