न बोलणाऱ्याचे दुखणे



आपण सारे समुद्रकाठची माणसे. दिवसा खारा वारा येतो, रात्री मतलई सुटतो, आणि कोणत्या वेळी होडी काढावी हे अलिबाग-मुरुडच्या पोरालाही कळते. पण आपल्या भाषेत आणखी एक वारा आहे. घरातला धडधाकट माणूस सकाळी उठतो तो तोंड वाकडे झालेले, एक हात लुळा पडलेला. आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ हा वारा बाहेरून येत नाही. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि तिच्यावर पोसला जाणारा मेंदूचा भाग निकामी होतो. अशा वेळी तासनतास घरी न दवडता रोग्याला रुग्णालयात न्यावे, हे आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या दिवसांविषयी. खाटेवर पडलेल्या त्या माणसाला दुखते आहे की नाही, हे आपण कसे ओळखायचे?

‘लुळ्या अंगाला कसले आले दुखणे?’ असे सुशिक्षित माणसेही मला विचारतात. ही समजूत साफ चुकीची आहे. खांद्याचा सांधा मुख्यतः भोवतालच्या स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू सैल पडले की हाताचे सारे ओझे सांध्यावर लोंबते, आणि अशात कोणी बगलेत हात घालून रोग्याला वर ओढले म्हणजे पाहायला नको. पुढे स्नायू ताठरतात, त्याचे दुखणे वेगळेच. आणखी एक दुखणे आहे, ते तर अंगात नसतेच. दुखापत मेंदूतच असते. 1906 साली पॅरिसच्या देझरीन आणि रूसी या वैद्यांनी त्याचे वर्णन केले. नुसती चादर लागली, गार पाणी लागले, तरी अंगाची आग होते. शिवाय तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाठीला पडू लागलेली जखम, ही साधी कारणे आहेतच. ती साधी म्हणून कोणी पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात काम करीत असताना रेवदंड्याकडल्या एक आजी आमच्याकडे आल्या. जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्यांच्या आवाजाने बाजार दणाणत असे, असे सून सांगे. उजवे अंग गेले होते आणि त्याबरोबर वाचाही. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचे ठाणे डाव्या बाजूस असते. 1861 साली ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्याने ते दाखवायला सुरुवात केली. आजींच्या तोंडी एकच शब्द उरला होता: ‘बरं’. ‘आजी, दुखतंय का?’ ‘बरं.’ ‘झोप लागली?’ ‘बरं.’ आम्ही चार दिवस कागदावर लिहीत होतो, ‘तक्रार नाही.’ त्या नोंदीखाली सही माझी होती. पाचव्या दिवशी सून म्हणाली, ‘डॉक्टर, कूस वळवताना बघा. एरवी सासूबाई एकदाच बरं म्हणतात. तेव्हा बरंबरंबरं म्हणतात.’ मी उभा राहून पाहिले. वळवताना कपाळाला आठी पडे, डावा हात उजव्या खांद्याकडे जाई. त्या खांद्याला धरूनच आम्ही त्यांना रोज उचलत होतो.

दुखणे मोजण्याची साधने आहेत, नाही असे नाही. शून्य ते दहा यांतला आकडा सांगा. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवा. आडव्या रेघेवर खूण करा. पण ज्याची वाचा गेली त्याचे आकडेही पुष्कळदा जातात, आणि ‘नाही’ म्हणायचे असता ‘हो’ निघून जाते. मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झालेल्यांपैकी काहींना डावीकडचे जगच दिसेनासे होते. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. अशाला आडवी रेघ दाखवून काय उपयोग? उभी दाखवावी. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि मग थांबावे. थांबणे हेच आम्हा डॉक्टरांना सर्वांत जड जाते. तेही जमत नसेल तर पाहावे: चेहऱ्याची धड बाजू, कण्हणे, अंग आखडून घेणे, आणि तेही निजलेला असता नव्हे, हलवताना. अर्थात कण्हणे भीतीचेही असेल, भुकेचेही असेल. म्हणून कारण शोधावे, उपाय करावा आणि तासाभराने पुन्हा पाहावे. ताप लिहितात तसे हेही लिहावे.

मेल्झॅक नावाच्या शास्त्रज्ञाने 1975 साली कॅनडात दुखण्याच्या शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती पाहिली तेव्हा मला मराठीचा अभिमान वाटला, तो अस्थानी असला तर क्षमा करा. ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, रग, मुरडा, भगभग, झिणझिण्या! हे नुसते शब्दवैभव नव्हे. ‘ठणकतं का?’ याला मान हलली तर मी सांधा पाहीन. ‘आग होते का?’ याला हलली तर मज्जातंतूंचा विचार करीन, कारण त्या आगीवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखे वेगळे औषध द्यावे लागते. आपल्याच जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांत एक गोष्ट टिपली: दंशाच्या जागचे दुखणे परत जाणवू लागले की रोगी सुधारतो आहे असे समजावे. दुखणे असे काहीतरी सांगत असते.

2020 साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघाने आपली व्याख्या सुधारली. बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हे तिच्याबरोबरच्या टिपणांत स्पष्ट म्हटले आहे. आमच्या आजींच्या सुनेला ते कोणी सांगितले नव्हते.

त्यांचे पुढे काय झाले, हे विचाराल. हाताखाली उशी दिली, खाटेवर पाटी लावली, ‘उजवा हात ओढू नये’, आणि वेदनेचे औषध कूस वळवण्याच्या आधी अर्धा तास देऊ लागलो. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने त्यांना वळवले तेव्हा मी आणि सून दोघेही कान देऊन उभे होतो. आजी एकदाच म्हणाल्या, ‘बरं.’